भाजलेला पाय, मिटलेलं तोंड

माय,

आज वॉर्डात तुझ्याच वयाची एक बाई होती. वडे तळताना तेल सांडून मांडी भाजलेली, तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच. भाजलेल्या जखमा कुणाच्या लवकर भरतात, कुणाच्या रेंगाळतात आणि का, याचा आमच्या दवाखान्यात अभ्यास चाललाय. त्यात माझं काम एवढंच, की मोठ्या माणसांच्या तोंडात बघायचं. दात किती, हिरड्या कशा, घास चावता येतो का, ते लिहायचं. सुरुवातीला डॉक्टर मंडळी हसायची, जखम पायाला आणि तुम्ही तोंडात काय बघता म्हणायची. मी सांगते, जखम भरायला अंगात ताकद लागते आणि चावताच येत नसेल तर ती येणार कुठून? हे मी आता फार शांतपणे सांगते.

घास चावता येत नाही हे त्या दुष्काळात तू सांगितलं असतंस तर, असं मनात येतं आणि लगेच कळतं की तू का सांगितलं नाहीस. मी दाताच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तू आष्टीहून एस.टी. बदलत बदलत होस्टेलवर आली होतीस, शेंगदाण्याची चटणी घेऊन. माझ्या मैत्रिणी कशावरून तरी हसल्या आणि तूही त्यांच्यात मनापासून हसलीस. मिश्रीनं काळे पडलेले दात, पुढचा एक पडलेला. मी तुला जिन्यापाशी नेलं आणि म्हणाले, "माय, पोरींसमोर असं तोंड उघडून हसू नको. दाताच्या डॉक्टरणीची माय वाटत न्हाईस."

"चुकलं बाई माझं," एवढंच तू म्हणालीस. परत खोलीत आलीस तेव्हा पदर तोंडाशी होता. पुढं माझ्यासमोर तू कधी मोकळी हसलीस असं मला आठवत नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना पाऊस गेला. विहिरी आटल्या, गावातली जनावरं छावणीला गेली, संघाची दुधाची गाडी यायची बंद झाली आणि दूध सोसायटीच्या खोलीला कुलूप लागलं. आपली एक म्हैस आणि आळीतलं उरलंसुरलं दूध एकत्र करून तू खवा आटवायला लागलीस. पऱ्हाट्यांचा जाळ, समोर मोठी कढई आणि तू हात न थांबवता ढवळतेयस. चुलीचा दगड खचला, कढई कलंडली आणि उकळतं दूध तुझ्या डाव्या पायावर आलं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, अंडी, डाळी, शेंगदाणे, भरपूर खा. मी परीक्षेचं कारण सांगून दीड महिन्यानं आले, पिशवीत फुटाणे आणि शेंगदाणे घेऊन. नंतरच्या महिन्यात पुन्हा आले तर पिशवी डब्यात तशीच, तोंडसुद्धा न सोडलेली. जखम कडेनं लाल आणि मध्ये पिवळी. काकू म्हणाली, ही नुसती चहात भाकर कुस्करून खाते, बाकी कशाला हात लावत नाही. मला वाटलं, तू घरच्यांसाठी राखतेयस. मी ओरडले. एवढं आणून देते, डॉक्टर सांगतात, तुला बरं व्हायचंच नाही का, असं काय काय बोलले.

तू पायाकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "खाईन गं. तू कावून जीव जाळतीस?"

बारा दिवसांनी ताप चढला. बीडच्या दवाखान्यात पाच दिवस, तेवढेच. पू रक्तात गेला म्हणाले. दहाव्याला आलेल्या बायांना मी सांगत होते की मायनं खाण्याची हेळसांड केली, आमचं कुणाचं ऐकलं नाही. सगळ्या माना हलवत होत्या. काकू मात्र उठून आत गेली.

आजच्या बाईनं खूप आढेवेढे घेऊन तोंड उघडलं. खालचे पुढचे दात बोटानं हलत होते, दाढा नव्हत्याच. तिची लेक शेजारी उभी होती, ती म्हणाली, हिनं आम्हाला कधी सांगितलंच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, हिला घोटलेलं वरण, मऊ खिचडी आणि उकडलेलं अंडं दुधात कुस्करून द्या. चौथ्या दिवसापर्यंत ती वाटी पुसून खायला लागेल. बाकीच्या खायला लागल्यात.

हे लिहून झालं की फाडून टाकीन. अभ्यासातल्या सोबत्यांना मी तुझी गोष्ट सांगते, पण शेवटी म्हणते, तेव्हा मी विद्यार्थिनी होते, मला कळलं नाही. ते खोटं आहे, माय. तुझ्यावर ओरडले त्याच दुपारी मी तुझ्या पायाची पट्टी बदलत होते. ती ओढली गेली, तू "आई गं" म्हणून माझ्याकडं वळलीस आणि मला वास आला. तो जखमेचा नव्हता. हिरड्यांत पू झाला की येतो, तो वास होता. त्याच महिन्यात कॉलेजच्या दवाखान्यात मी तो रोज घेत होते, रोज दहा परक्या माणसांची तोंडं उघडून बघत होते. मला तिथल्या तिथं कळलं. मी मान दुसरीकडं फिरवली, पट्टी बांधली, हात धुतले आणि तीनची एस.टी. पकडली.