बुडाची तारीख

मंगळवार, ९ सप्टेंबर

हिंजवडीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावरची झाडं माझ्याकडे, चौथ्यावरची सतीशदादांकडे. आज माझ्या सहा क्रोटनवर साहेबांना पिठ्या ढेकूण सापडला. देठांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा. "रोज पुसतोस ना? मग ही साखर कोणी पेरली?" सगळ्यांसमोर. सोमवारपासून मजला दुसऱ्याला देणार आहेत.

शनिवारी मी प्रत्येक पान उलटून पाहिलं होतं. नक्की पाहिलं होतं का? दुपारभर स्वतःवरच शंका घेतली. मग कुंड्या आडव्या केल्या. प्रत्येक कुंडीच्या बुडाला मी ती आल्याची तारीख लिहितो. हसतील म्हणून हे कोणाला सांगितलेलं नाही. या सहांची बुडं कोरी होती.

तारखा चौथ्या मजल्यावर सापडल्या. माझंच अक्षर. पानं उलटून पाहिली, स्वच्छ होती. रविवारी ड्यूटीवर एकटे दादाच होते.

दादांना विचारलं तर म्हणाले, "अरे, माझी तक्रार आधीच एकदा झालीय. परत झाली तर घरी बसवतील. तू सडाफटिंग, मला दोन पोरं." पानाची मागची बाजू आधी बघायची, हे मला त्यांनीच शिकवलं.

वर म्हणाले, "निंबोळी तेल मी आणतो, उद्या दोघं मिळून फवारू." मी हो म्हणालो.

येऊ देत. तारखांच्या सहा कुंड्या मी त्याआधीच खाली आणून शेजारी ठेवणार आहे. बाराही आडव्या करणार, साहेबांना बोलावून.