माथ्याचं वावर

आई, आज सकाळी गावाहून कृषी सहायकाचा फोन आला आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. आपल्या माथ्याच्या वावरातला बांध खचलाय, सरकारी योजनेतून यंत्र लावून नवा घालायचाय, माझी संमती हवी म्हणाला. पोरगा गोड बोलत होता. पण 'संमती' हा शब्द कानावर पडला आणि मला लालबागची आपली खोली दिसायला लागली. चुलीचा धूर, भिंतीला पाठ लावून जेवायला बसलेले गाववाले, आणि परातीवर वाकलेली तू.

बाबा गेल्यावर तू खानावळ घातलीस. गावातल्या निम्म्या जमिनींचे मालक तेव्हा गिरणीत राबायचे आणि तुझ्या पंगतीला बसायचे, म्हणून तर सरकारचा बांधबंदिस्तीचा साहेब संमती घ्यायला गाव सोडून आपल्या चाळीत आला. त्यानं जेवता जेवता थाळी तिरकी धरली, आमटी एका कडेला पळाली. मग मधे भाकरीचा तुकडा आडवा ठेवला. "बघा, थांबली की नाही? शेतातली माती अशीच थांबेल. पण काम माथ्यापासून धरायचं, नाहीतर खालचे बांध एका पावसात फुटतात." माथ्याचं, उतारावरचं सगळ्यात वरचं वावर आपलं. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू म्हणालीस, "अन्नाशी खेळू नगा." आणि मग, "माझ्या वावरात बांध नको."

का नको, ते काही सांगितलं नाहीस. मग रोज टोमणे. "मावशी, तुमच्या हट्टापायी आमची माती वढ्याला जाती की वो!" एक म्हातारा तर म्हणाला, बाईमाणसाच्या नावावर जमीन म्हंजे अशी गत. आणि तू खाली मान घालून त्यालाच आधी भाकरी वाढलीस! मला तुझी लाज वाटली, रागही आला. सगळे उठून गेल्यावर मी विचारलं तर उलथनं हातात तसंच धरून खेकसलीस, "तुझा भाऊ हाय तिथं. तुझ्या आधीचा, सव्वा महिन्याचा. बाभळीखाली माती दिलीया त्याला. साहेबानं खुणा मारल्यात त्या बरोब्बर त्याच्यावरनं." मला भाऊ होता हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना. तू म्हणालीस, "जेवणाऱ्यांच्या ताटात लेकराचं मढं वाढू व्हय?"

पंगतीत एकच जण तुला टोमणा मारत नसे. विशीतला तो तरणा गडी, रोज खर्डा मागून घेणारा. त्याची विधवा आई गावी आपल्या खालचंच वावर कसायची, म्हणजे खरं नुकसान तिचंच होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघताना तो दारातून ओरडला, "मावशी, माझं ताट झाकून ठेवा, आलोच." गोळीबारात गेला. ते झाकलेलं ताट तू कितीतरी वेळ कुणाला हलवू दिलं नाहीस. त्याच्या आईला गावाहून आणलं तेव्हा ती आपल्याच खोलीत टेकली होती. डोळ्यांत टिपूस नाही. नुसतं एवढंच बोलायची, "आता वावर कुणासाठी नांगरू, बाई?"

ती बसलेली असतानाच साहेब पुन्हा आला. पिठाचे हात तसेच घेऊन तू उभी राहिलीस. "घाला बांध. हिचं लेकरू गेलं, माती तरी ऱ्हाऊ दे." त्यानं विचारलं, "मधे काही आडवं येतंय का बाई? विहीर, देव, समाधी?" तू त्या बाईकडे बघितलंस. वीस वर्षांचं पोर गेलेल्या आईसमोर सव्वा महिन्याचं पोर कसं काढणार होतीस तू! "काय न्हाई," म्हणालीस आणि परत परातीशी बसलीस.

त्या उन्हाळ्यात बांध झाला. तू बघायला गेली नाहीस, नंतरही कधी गावी पाऊल टाकलं नाहीस. खालच्या बाईची ज्वारी चांगली पिकायला लागली. ती हुरड्याची कणसं धाडायची, तू चाळभर वाटायचीस. स्वतः एक दाणा तोंडात घातला नाहीस, शेवटपर्यंत.

आज फोनवर त्या कृषी सहायकानंही तेच विचारलं, "ताई, मधे काही आहे का? देव, समाधी?" मी म्हटलं, "माझा भाऊ आहे." म्हणताना मला रडू फुटलं, या वयात, न पाहिलेल्या भावासाठी. तो म्हणाला, "मग बांध चार हात वरच्या अंगानं घेऊ की, ताई. त्यात काय एवढं? सांगितलं की सरकवतात, बांध घालायला लागल्यापासूनची पद्धत आहे ती."

संमती दिली मी. तुला हे सगळं सांगावं म्हणून लिहायला बसले होते. लेकीनं तोंड उघडलं, तुझं पोर आता यंत्राखाली येणार नाही, हे तुला कळायला हवं होतं. पण खरं सांगू? तुझा पत्ता असता तरी मी हे पत्र घातलं नसतं. तेव्हाही पुरले असते, ते चार हात तुला कळायला नकोत.