घाम थांबल्याचं पत्र

२ जुलै

तीर्थरूप दादास,
धाकटीचा हेल्मेट काढून शि. सा. न.

टाइप केलेल्या पत्राला तू पत्र म्हणत नाहीस, म्हणून वहीत हातानं लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. वहिनीकडून मोठा करून घे.

सुखरूप पोचले. आम्ही आठजण, आठ भाड्याच्या मोटरसायकली, मागे सामानाची गाडी आणि पुढे आमचा म्होरक्या. मराठी बोलायला आरशाशिवाय कुणी नाही. म्होरक्यानं माझा धंदा विचारला. दातांच्या कवळ्या बनवते असं सांगितल्यापासून तो माझ्यासमोर तोंड मिटूनच हसतो.

पण ऊन, दादा. दुपारी पारा एकेचाळीसला जातो. हेल्मेटची काच वर केली की तापल्या कढईवर तोंड धरल्यासारखं होतं. उजवी पोटरी इंजिनाशेजारी भाजून निघते. डांबर इतकं मऊ झालंय की काल गाडीचा स्टँड त्यात रुतला आणि गाडी कलली, तेव्हापासून आम्ही स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवतो. मी जाकिटाची चेन उघडी टाकून चालवते, तेवढाच वारा.

चार वर्षं हा नकाशा आपण दोघांनी टेबलावर पसरला. हृदयाच्या डॉक्टरांनी तुला नको म्हटलं तेव्हा मीही बेत मोडणार होते, तूच मला ढकललंस. त्यामुळे ही तक्रार समजू नये, वर्णन समजावं.

लोभ आहेच. उन्हानं तो आटायचा नाही.

तुझी
धाकटी

---

३ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

जाकिटाची चेन बंद कर. आधी ते कर, मग पुढचं वाच.

हवा अंगापेक्षा गरम असली की वारा गार करत नाही, सुकवतो. काचेच्या भट्टीपुढे एकतीस वर्षं मी लांब बाह्यांचे जाड कपडे काही हौसेनं घालत नव्हतो. सुती बनियन भिजवून, पिळून आत घाल. वरून जाकीट बंद, मनगटाशी थोडी फट. सुकलं की पुन्हा भिजव. पाणी तहान लागायच्या आधी पी आणि नुसतं नको, मीठ-साखर घालून. पहाटे निघा, अकराला सावली गाठा. म्होरक्याला सांग की हा एका म्हाताऱ्याचा हुकूम आहे.

इकडे सगळं ठीक. तू केलेली कवळी मी जेवताना लावतो. बाकी वेळ ती वाटीत पडून तुझ्या वहिनीकडे बघून हसते, अशी वहिनीची तक्रार आहे.

नकाशा अजून टेबलावरच आहे. रोज तुझ्यापुरतं बोट सरकवतो.

तुझा
दादा

---

६ जुलै

ति. दादास,
शि. सा. न.

हुकमाची तामिली झाली. बनियनचा उपाय अचाट आहे. आता दर तासाला आम्ही आठही जण जो नळ दिसेल त्यावर तुटून पडतो. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघतात. म्होरक्या पहाटे पाचला निघायला कबूल झाला, तुझं नाव त्यानं ‘भट्टीसाहेब’ ठेवलंय.

आज मात्र पल्ला लांबचा होता, दोन वाजेपर्यंत चालवावं लागलं. मध्येच थांबूया असं म्हणावंसं वाटत होतं, पण पन्नाशी उलटलेली बाई मी एकटीच. बाई दमल्या असं कुणी म्हणायला नको, म्हणून गप्प बसले. डोकं जरा ठणकतंय. वहिनीला सांगू नकोस, ती हळद घातलेलं दूध कुरिअरनं पाठवेल.

परवा एका गावात दोन दिवस मुक्काम. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर खोल्या आहेत. पत्ता आणि फोन तुझ्याकडच्या मुक्कामांच्या कागदावर आहेच.

माया असू दे.

तुझी
धाकटी

---

८ जुलै, दुपार

दादा,

पोचलो. लाँड्रीवरची खोली. खाली एक बाई इस्त्री करते, त्याची वाफ खिडकीतून वर येते. जिना फार उंच आहे.

आनंदाची बातमी ही की माझा घाम थांबला. सकाळपासून बनियन भिजवलं नाही तरी काही नाही. अंग अगदी कोरडं. आता बरं वाटतंय. सवय झाली वाटतं. बाकीचे जेवायला गेले, मला भूक नाही. जिना फार उंच आहे. बाकीचे जेवायला गेले. तुझी गाडी खाली सावलीत लावली आहे, तू येशील तेव्हा किल्ली

---

९ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या म्होरक्यांचा सकाळी फोन आला. तुम्ही डोळे उघडलेत, पाणी मागितलंत, आणि नर्सच्या दातांची चौकशी केलीत असं कळलं. तेव्हा कुठे मी कागद घेतला. हे पत्र तुम्ही बसून वाचाल तेव्हा वाचा, पण काल इथे काय घडलं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

तुमचा फोटो आला तेव्हा मी चहा गाळत होते. मोठा करून यांच्यापुढे धरला. अक्षरं ओळ सोडून खाली घसरली होती. तेच तेच पुन्हा लिहिलेलं बघून मी हसले. हे हसले नाहीत. घाम थांबल्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसेच उठले. म्होरक्यांनी फोन उचलला नाही. मग यांनी कागद बघून लाँड्रीचा नंबर लावला. तिकडे एक बाई बोलल्या. त्यांची भाषा यांना येईना, यांची त्यांना. त्यात तोंडात कवळी नव्हती. हे उभ्या उभ्या सिस्टर, अपस्टेअर्स, हॉट, वॉटर एवढे चारच शब्द म्हणत राहिले, किती वेळा ते मी मोजलं नाही. मग पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला, आणि जिन्यावर कुणीतरी धावत गेलं.

म्होरक्या येऊन बोलेपर्यंत पाऊण तास यांनी फोन कानापासून काढला नाही. खुर्ची सरकवली तर बसले नाहीत. नंतर मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं. म्हणाले, भट्टीवर एकजण हेच म्हणाला होता, की आता बरं वाटतंय. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं. पुढचं तुम्ही विचारा. तुम्हाला सांगतील.

तब्येत जपा. डॉक्टर सांगतील तेवढंच करा, त्यात भर घालू नका.

तुमची
वहिनी

---

११ जुलै

ति. दादास,
कृ. शि. सा. न.

आता ओळ सरळ येतेय ना, ते आधी बघ.

हॉस्पिटलमधून काल सोडलं. लाँड्रीवालीनं मला वरच्या खोलीत जाऊच दिलं नाही. तळमजल्यावर मागच्या बाजूला तिची स्वतःची गार खोली आहे, तिथे निजवलंय. त्या दिवशीचं मला काहीच आठवत नाही, म्होरक्यानं सांगितलं तेवढंच. ती फोन टाकून वर आली तेव्हा मी जिन्यावर बसून कुणालातरी मराठीत रागावत होते. तिनं धुण्यातल्या ओल्याचिंब चादरी न पिळताच वर आणल्या, मला त्यांत गुंडाळलं, पंखा लावला, आणि शेजारच्या दुकानातून बर्फ आणून मानेशी, काखेत ठेवला. मग गाडी बोलावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर... आणि वाक्य तिथेच सोडलं.

लाँड्रीवालीचे आभार मानायला गेले की ती हात झटकते आणि इस्त्री दाबते. बसल्या बसल्या काहीतरी करावं म्हणून मी तिच्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घातल्या. तिनं त्या सगळ्या मोडून परत घातल्या.

पडल्या पडल्या एकच गोष्ट मनात येते. माझं बनियन वाळत टाकलंय, त्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग आहेत. तुझे सदरे असेच असायचे. मी शाळेत होते, आई ते मला धुवायला द्यायची, आणि मी नाक मुरडत म्हणायची की दादाचे कपडे कडक होतात, हात सोलतात. ते मीठ कसलं, हे मी एकदाही विचारलं नाही. मी आठ दिवस ऊन सोसलं, तेही हौसेनं, आणि आडवी झाले. तू एकतीस वर्षं त्या भट्टीपुढे उभा राहिलास, म्हणून मी हातात पुस्तक धरून सावलीत बसले. हे मी तोंडावर कधी बोलू शकले नसते. पत्रात लिहिते.

गाडी चालवायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. माझ्यासाठी सगळ्यांनी मुक्काम वाढवलाय. परवापासून मी सामानाच्या गाडीत, बॅगांच्या बाजूला. बाई दमल्या असं आता खुशाल म्हणू देत.

भट्टीवरचा तो माणूस कोण होता, दादा?

मायेचा हात डोक्यावर आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी
धाकटी

---

१२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ओळ सरळ आहे. तुझ्या वहिनीनंही पट्टी लावून पाहिली.

विचारलंस म्हणून लिहितो. माझ्या पाळीत एक काच फुंकणारा होता, माझ्याच वयाचा. डबा उघडला की आधी माझा वाटा काढायचा. एका मे महिन्यात त्याचा घाम थांबला. म्हणाला, आता बरं वाटतंय, जरा टेकतो. मी म्हटलं टेक. पाळी संपायला वीस मिनिटं होती, भट्टीतून काढलेली काच वाया गेली असती. मी हातातलं काम पुरं केलं आणि मग त्याला उठवायला गेलो. तो उठला नाही. मला कुणी बोल लावला नाही, कारण त्या वीस मिनिटांचं मी कुणाला सांगितलंच नाही.

घाम थांबणं म्हणजे धोका, हे मी पहिल्याच पत्रात तुला लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर मला ते कुठून कळलं हेही लिहावं लागलं असतं, म्हणून टाळलं. ही चूक माझी. तरी तू तशा अवस्थेत, बोटं चालत नसताना, सवयीनं मला पत्र लिहिलंस आणि त्यात खरं ते लिहिलंस. आभार मोठ्यांनी धाकट्यांचे मानायचे नसतात म्हणतात, पण मी मानतो. या वेळी मला उठता आलं, ते तुझ्या पत्रामुळे.

त्या बाईंना माझा नमस्कार पोचव. भाषा नसली तरी हात जोडलेले कळतात. घड्या त्यांच्या त्यांना घालू दे.

त्या फुंकणाऱ्याची बायको अजून जुन्या वसाहतीतच राहते. दर वर्षी जाऊन भेटतो, तब्येतीचं विचारतो आणि उठतो. उद्या सकाळी जाणार आहे. तुझी वहिनी बरोबर येते म्हणाली, मी तिला खाली थांब म्हटलंय. ती वीस मिनिटं त्यांना सांगायची आहेत. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन.

सामानाच्या गाडीत खिडकीशी बस आणि पाणी पीत राहा.

तुझा
दादा