घर कुठं, असं विचारल्यावर

३ फेब्रुवारी १९७८
दिल्लीचं पत्र. इथं राहू देण्याचा अर्ज नामंजूर, तीस दिवसांत भारत सोडा. टाइप केलेल्या चार ओळी. सात वर्षं मी या गावात आहे आणि त्यांना चार ओळी पुरल्या.
भाभीने पत्र दोनदा वाचायला लावलं, मग डोळे पुसत चुलीपाशी गेली. मी रडले नाही. चादरींच्या दशा वळायच्या राहिल्या होत्या, त्या वळल्या.

६ फेब्रु.
भाईजानने होटगीला रेल्वेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मला बिराजदार वकिलांकडे नेलं. पहिल्यापासून सांगितलं. जन्म इथला, शाळा इथली, मराठी सातवी पास. लग्न कराचीत, म्हणून पासपोर्ट तिकडचा. नवरा गेला. दिराशी निकाह लाव म्हणून अकरा दिवस खोलीत कोंडलं. ७१ साली अम्मी आजारी पडली म्हणून व्हिसावर आले, मागोमाग लढाई, रस्ते बंद. आता रस्ते उघडलेत, तर म्हणे जा.
वकिलांनी विचारलं, कोंडल्याचं अर्जात लिहिलं होतं का? लिहिलं होतं. मग नकारात त्यावर एक शब्द का नाही?
मी तरी दुसरं काय विचारतेय.

१३ फेब्रु.
माझ्या जुन्या जबाबाची नक्कल मिळाली. सापडलं. दोन वर्षांपूर्वी परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या इथल्या कचेरीतल्या कारकुनाने विचारलेलं, तुमचं घर कुठं? मी म्हणाले, कराचीला. लग्न झालेली मुलगी भावाच्या घराला आपलं घर म्हणते का? सासर तेच घर, अम्मीने हेच शिकवलेलं. शिवाय भाईजान शेजारी बसलेला. कारकुनाने लिहून घेतलं : अर्जदाराचे स्वतःचे घर कराची येथे आहे. सगळा नकार त्या एका वाक्यावर.
आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. पण ते घर म्हणजे बाहेरून कडी लावलेली खोली, हे विचारायला त्याला काय झालं होतं? रागाने जेवण गेलं नाही.

१ मार्च
हायकोर्टात केस दाखल, निकाल लागेतोवर हुकमाला स्टे. तारखेला मुंबईला जायचं तर शहर सोडायची परवानगी हवी, आणि ती द्यायची त्याच कचेरीने! अर्जात कारण लिहिलं : तुमच्याविरुद्ध केस आहे. वकील म्हणाले, जरा सौम्य लिहा की. खोटं काय लिहिलंय? तसाच दिला.

१९ जून
परवानगी आलीच नाही. वकील एकटे गेले.

२२ जून
तार आली. नकाराचा हुकूम रद्द. भाभीने शिरा केला, गल्लीत वाटला.

२४ जून
वकील परतले. कोर्टाने मला राहा असं म्हटलेलंच नाही. नीट विचारलं नाही, कोंडल्याचं वाचलं नाही, म्हणून नकार रद्द. आता पुन्हा नीट विचारा. कोण विचारणार? तीच कचेरी.
हसूच आलं. वाटलेला शिरा थोडाच परत मागता येतो.

९ जुलै
परवा जबाब. या वेळी हेच घर माझं म्हणायचं, भाईजानच्या देखत. घर अब्बांच्या नावावर. उद्या लोक म्हणतील, बहीण वाटा मागायला बसली. शेवटी भाभीलाच सरळ विचारलं, काय सांगू?
ती म्हणाली, "सात बरस से इस चूल्हे पे रोटी तुमीच डालते. मेरे कू कायकू पूछते?"
तेव्हा मात्र रडले.

११ जुलै
तेच टेबल, तोच कारकून, तोच प्रश्न.
"हितंच. सोलापुरात. भावाचं घर तेच माझं घर. आता कराचीत काय झालं ते विचारा."
त्याने भाईजानकडे बघितलं. भाईजान म्हणाला, "तिलाच विचारा की. घर तिचं हाय."
सगळं लिहून झाल्यावर म्हटलं, वाचून दाखवा. तशी पद्धत नाही म्हणे. मागच्या वेळी न वाचता सही केली, म्हणून तर पुन्हा इथं बसलोय. वाचलं त्याने. 'अकरा दिवस' राहिलं होतं. घालायला लावलं, मग सही केली.
निर्णय दिल्लीचा. कधी येईल, सांगता येत नाही.
मी निघाले तेव्हा त्याने हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. दर महिन्याला त्यात 'तात्पुरता पत्ता' भरते. आज आधी 'तात्पुरता' खोडला, मग पत्ता लिहिला. कारकून बघत होता. बघू दे.