डाव्या बाहीतलं नाव

मी, कुमारी ब्रेंडा मार्गारेट होलरॉइड, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा कापड बेतण्याचा, आताचा धंदा दुसऱ्यांनी बेतलेले कपडे जगाला दाखवून विकण्याचा, राहणार १४, क्रॉफ्ट टेरेस, लॉकवुड, हडर्सफील्ड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्या हृदयाची एक झडप नीट चालत नाही असे डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्र डोक्याने लिहायचे असते आणि ते लख्ख चालते. मला कोणी फूस लावलेली नाही, धाक दाखवलेला नाही. ज्यांनी दाखवून पाहिला त्यांचा उल्लेख पुढे येईल.

यापूर्वी १९९८ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यातले निम्मे लोक वारले आणि उरलेल्यांशी मी बोलत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई फिलिपा डायसन यांनी करावी. कच्चा मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "ब्रेंडा, मृत्युपत्रात एवढं मनातलं कोणी लिहीत नाही." मी म्हटलं, "मग कुठे लिहू? मेल्यावरचा पत्ता द्या, तिथून पाठवते." त्यांनी मसुदा परत दिला आणि फक्त शुद्धलेखन तपासलं.

कलम १. घर. राहते घर, आतल्या सामानासकट, माझ्या भावाचा मुलगा स्टुअर्ट होलरॉइड याला द्यावे. स्टुअर्ट वाईट नाही. कुठलीही वस्तू दिसली की ती केवढ्याला जाईल हे त्याच्या डोळ्यांत आधी उमटतं, एवढंच. घरही तो विकणार, हे मला माहीत आहे. विकू दे. मात्र परसातलं गूसबेरीचं झुडूप नव्या मालकाला दाखवून, त्याला कधी छाटायचं ते सांगून मगच किल्ली द्यावी.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक राहील ते शिवण आणि बेतणं शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाला द्यावे. वर्गाला माझं नाव देऊ नये. शिकवणाऱ्या बाईंचं द्यावं.

कलम ३. माझी दहा इंची कात्री, मापाच्या टेपा, गोलाई आखायची फ्रेंच वाकपट्टी आणि खडूचा डबा पेनरिनच्या मॉर्वेना पेन्गेलीला द्यावा. मॉर्वेना कोट शिवते. या देशात तिच्यासारखी कॉलर बसवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही, आणि मी कमी पाहिलेल्या नाहीत. ही कात्री कागदाला लावायची नाही. लावलीस तर, मॉर्वेना, मी रात्रीअपरात्री येऊन उभी राहीन आणि मग तक्रार चालणार नाही.

कलम ४. टार्क्विन नावाच्या शर्टवाल्याला माझ्या बटणांच्या बरणीतलं एक पांढरं बटण द्यावं. हा आता मोठा झाला आहे, लंडनला असतो आणि आपला शोध पॅरिसमध्ये लागला असं मुलाखतीत सांगतो. त्याचा शोध लॉकवुडला लागला. त्याचे पहिले सहा शर्ट मी विकले. त्यांतला एक माझे शेजारी नॉर्मन सगडन यांनी घेतला, त्यावर खालून दुसरं बटण नव्हतं. 'लगेच पाठवतो' म्हणाला होता. अकरा वर्षं झाली. आता त्यानेच लावावं.

कलम ५. दुकान. इथे जरा बैजवार लिहिते, कारण सगळ्यांचा जीव याच्यातच अडकला आहे.

'लेफ्ट स्लीव्ह' या नावाचे माझे इंटरनेटवरचे दुकान, त्याचा पत्ता, छायाचित्रे, कॅमेरा, कालव्याकाठच्या लोकरीच्या जुन्या गोदामातली भाड्याची जागा आणि एकशे चाळीस डिझायनरांशी असलेले सर्व करार, हे सगळे व्हर्ना नोएल हिला द्यावे. एकटीला. भागीदार नाही, देखरेख समिती नाही.

हे नाव कसं पडलं ते स्टुअर्टला कधी ऐकायला वेळ झाला नाही, म्हणून लिहिते. मी बावीस वर्षं लीड्सच्या एका कारखान्यात कापड बेतलं. १९८३ साली मी एका पावसाळी कोटाचा नमुना स्वतः काढला. तो इतका चालला की बसथांब्यावर उभं राहिलं की चारपाच तरी दिसायचे. एक मी आईला नेऊन दिला. "हा मी काढलाय," म्हटलं. आईने तो घातला, मग काढला, उलटा केला, अस्तर चाचपलं, डाव्या बाहीत हात घालून ती बाही बाहेर ओढली. "काय शोधतेस गं?" मी विचारलं. "तुझं नाव," ती म्हणाली. "कुठाय?" कॉलरमागे कारखान्याचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं. मला त्या दिवशी जी लाज वाटली ती कारखान्याला वाटायला हवी होती.

म्हणून कारखाना बंद पडल्यावर, चौपन्नाव्या वर्षी, मी दुकान काढलं तेव्हा एकच नियम केला. आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या बाहीत, मनगटाच्या आत, तो ज्याने काढला आणि शिवला त्याचं नाव. दुकानाचं नाव कपड्यावर नाहीच. ते पार्सलावर, आणि पार्सल लोक फाडून टाकतात. शेटलंडची विणकरीण असो, ग्लासगोचे दोघे भाऊ असोत की स्टोकची ती पँटवाली, संकेतस्थळावर आधी माणूस दिसतो आणि मग कपडा. गिऱ्हाइकं आता दुकानाला पत्र लिहीत नाहीत, थेट त्यांना लिहितात. मला हेच हवं होतं.

गेल्या मार्चमध्ये स्टुअर्टने लंडनच्या एका मोठ्या कंपनीच्या माणसाला गोदामात आणलं. पांढरेशुभ्र बूट घालून आला होता, कालव्याकाठच्या चिखलात. म्हणाला, "मिस होलरॉइड, दुकान सुंदर आहे. फक्त ही लेबलं काढू. एकशे चाळीस नावं कोण लक्षात ठेवणार? सगळीकडे एकच नाव, लेफ्ट स्लीव्ह."

"आणि डिझायनरांचं काय?" मी विचारलं.

"त्यांचं काय? ते शिवतच राहतील की."

स्टुअर्ट म्हणाला, "आत्या, अगं आयुष्यभर राबलीस, आता तरी सुटशील. तुझ्यामागे हे सगळं बघणार कोण?"

व्हर्ना तेव्हा चार पावलांवर एका स्कर्टला इस्त्री करत होती. ती वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. फोटो तिचे, संकेतस्थळ तिचं, डिझायनरांची रडगाणी ऐकायची तीही तिनेच. तिने मान वर केली नाही. मी पांढऱ्या बुटांना म्हटलं, "विचार करून कळवते." विचार काही करायचा नव्हता. तोंडावर नाही म्हटलं तर स्टुअर्ट तासभर समजूत घालत बसेल, एवढ्यासाठी म्हटलं. पण त्या दिवसापासून व्हर्नाला वाटतं की मी दुकान विकणार. शाळेतल्या मुलांचे फोटो काढायच्या नोकरीसाठी तिने कुठेतरी फोन केला, तो मी ऐकला. तिला सांगायला हवं होतं. पण जवळच्या माणसाला महत्त्वाचं काही सांगायचं म्हटलं की माझी वाचा बसते आणि हात केटलीकडे जातो. म्हणून लिहिते आहे.

अट एकच. डाव्या बाहीतलं नाव निघता कामा नये. ज्या दिवशी ते निघेल त्या दिवशी दुकान बंद करावं, आणि पांढरे बूट पुन्हा आले तर त्यांना कालव्याचा रस्ता दाखवावा.

कलम ६. कबुली. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाईंनी इथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं, ते मी खोडलं.

सोळा वर्षांपूर्वी मॉर्वेनाचा निळा कोट आम्ही पहिल्यांदा संकेतस्थळावर लावला. फोटोतली मुलगी उंच, केस बारीक कापलेले, अर्धा चेहरा कॉलरमध्ये. पण ती पानाच्या बाहेर बघत होती, बस चुकल्यासारखी. मी व्हर्नाला म्हटलं, "फोटो आरशातल्यासारखा उलटा फिरव, म्हणजे आत बघेल."

व्हर्ना म्हणाली, "अगं, पण बटणं उलटी होतील."

"बटणांकडे कोण बघतंय?" मी म्हटलं. मी! बायकांच्या कोटाचा उजवा पल्ला वर येतो आणि पुरुषांचा डावा, हे ज्या बाईने बावीस वर्षं झोपेतसुद्धा चुकवलं नाही, ती हे बोलली.

फोटो फिरला आणि बायकांचा कोट पुरुषांचा झाला. आठ दिवसांत एकतीस पुरुषांनी मागवला. तिकडून मॉर्वेनाचा फोन. "माझा कोट कोणी उलटवला? आयुष्यात मी पल्ला चुकवलेला नाही, आणि आता सगळा देश मला अडाणी म्हणणार!"

मी म्हटलं, "व्हर्नाकडून झालं ते."

व्हर्ना समोर होती. तिने ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माफीचं पत्र लिहायला बसली. वर तिनेच सुचवलं की पैसे परत करण्याऐवजी त्या एकतीस जणांना विचारू, दोन महिने थांबाल का, मॉर्वेना खरोखरच पुरुषांचा कोट शिवेल. एकोणतीस थांबले. आज मॉर्वेनाचं घर त्या कोटावर चालतं. आणि पेपरवाली बाई मुलाखतीला आली तेव्हा ही कल्पना कोणाची, तर मी म्हटलं, "माझी."

म्हणजे चूक माझी, तिच्या नावावर खपवली. अक्कल तिची, माझ्या नावावर लावली. आईने बाही उलटी करून पाहिली असती तर तिला तिथे खोटं लेबल सापडलं असतं. कारखान्याने माझं जे केलं तेच मी व्हर्नाचं केलं, आणि कारखान्याने निदान नियम तरी मिरवले नव्हते. याबद्दल मी व्हर्नाची माफी मागते. मला फार वाईट वाटतं, रोज वाटतं. माझ्या मृत्यूनंतर हे कलम मॉर्वेनाला वाचून दाखवावं.

कलम ७. अंत्यविधी. दहन करावं. एका दिवसासाठी काळे कपडे विकत घेऊन कोणी येऊ नये. ज्याच्याकडे जो चांगला कोट असेल तो घालावा. हॅम सँडविच हवीत, लोणी दोन्ही बाजूंना लावावं. पाद्रीबाईंनी पाच मिनिटांच्या वर बोलू नये.

साक्षीदारांबाबत. हे सही करण्याआधी, आजच दुपारी लिहिते आहे.

नॉर्मन सगडन आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या रुखसाना मीर यांना तीन वाजता सहीला बोलावलं होतं. रुखसानाच्या दुकानात गर्दी, म्हणून नॉर्मनने परस्पर शहाणपणा केला आणि वाटेत भेटलेल्या व्हर्नाला घेऊन आला. "सही काय, कोणाचीही चालते," म्हणाला.

व्हर्नाने कोट काढला नाही. टेबलाशी येऊन तिने पेन उचललं. "आण, कुठे करू सही? स्टुअर्टला दिलं असशील सगळं. माझा राग नाही. तुझं शेवटचं काम माझ्या हातून होऊ दे."

मी कागदावर हात ठेवला. "तुझी सही चालणार नाही."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "वीस वर्षं, ब्रेंडा. वीस वर्षं तुझ्या पार्सलांवर सह्या केल्या, तुझ्या चुकांवरसुद्धा केल्या, तोंडातून ब्र काढला नाही. आणि आज माझं नाव तुझ्या कागदाला चालत नाही?"

नॉर्मन छताकडे बघायला लागला. माझा हात केटलीकडे निघाला होता. मी तो परत टेबलावर आणला.

"व्हर्ना, कायदा आहे. जो खाली सही करतो त्याला वरचं काही मिळत नाही."

"मग?"

"मग काय? तुझं नाव खाली चालत नाही, कारण ते वर आहे."

ती खाली बसली. नॉर्मन म्हणाला, "थांब, म्हणजे मी सही करतोय तर मला काहीच नाही?"

"काही नाही, नॉर्मन. म्हणून तर तुला बोलावलं."

"बरी आहेस," तो म्हणाला आणि रुखसानाला आणायला गेला.

व्हर्नाने पाचवं कलम वाचलं, सहावं दोनदा वाचलं. मला वाटलं रडेल. ती उठली, माझा फोन उचलला आणि नंबर लावून माझ्यासमोर धरला. "दुकान घेते. पण हे मेल्यावर वाचून दाखवायचं नाही. आत्ता सांगायचं, तू, तुझ्या तोंडाने."

पलीकडे मॉर्वेना होती. मी सगळं सांगितलं, उलट्या फोटोपासून पेपरवाल्या बाईपर्यंत. एकही शब्द गाळला नाही. मग मॉर्वेना म्हणाली, "व्हर्नाकडे दे फोन."

दिला. दोघी पुढच्या खोलीत तासभर बोलताहेत. हिवाळी कपड्यांचं काहीतरी ठरतंय, मध्येच हसतात. मला कोणी आत बोलावलेलं नाही. सहावं कलम तरीही तसंच ठेवते, लेखी असलेलं बरं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोन साक्षीदार एकाच वेळी समोर असताना मी त्यावर सही करते.

(सही) ब्रेंडा मार्गारेट होलरॉइड

साक्षीदार:
१. (सही) नॉर्मन सगडन, निवृत्त पोस्टमन, १६, क्रॉफ्ट टेरेस
२. (सही) रुखसाना मीर, औषध विक्रेत्या, लॉकवुड रस्ता

ठिकाण: लॉकवुड, हडर्सफील्ड
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५