तुम्ही घातलेला गियर

बाबा, गाडी अजून तुम्ही लावलीत तिथेच आहे. घरापुढच्या खळ्यात, माडाच्या बाजूला, साइड स्टँडवर, हँडल डावीकडे, पहिल्या गियरमध्ये. त्या दुपारी तुम्ही वालावलचा पेशंट बघून आलात, गाडी लावलीत, आत जाऊन आडवे झालात आणि उठलाच नाहीत. मी बेळगावला बोर्डिंगमध्ये. घरी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं, आणि मी पहिलं काय केलं, तर गाडी नीट लागलीय का ते बघितलं. लागली होती. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

मला गाडीचं वेड. इंग्रजी मासिकांतून सगळं वाचलेलं. सुट्टीत तुम्ही पहिल्यांदा लावायला दिलीत, तेव्हा मी स्टँड पाडला, ऐटीत हात सोडला, आणि स्टँड मातीत रुतून गाडी कलंडायला लागली. तुम्ही ती पोटाशी धरलीत. ओरडला नाहीत. जांभ्या दगडाची चपटी चीप स्टँडखाली सरकवलीत, इंजिन बंद करून गियर घातलात, चाक अडेपर्यंत गाडी पुढे रेटलीत. "हात सोडूच्या आधी तिका इचार रे, रवतंस मां गो?" स्वयंपाकघरातून आई म्हणते, "माका कधी इतक्या मायेन इचारल्यानी नाय!" तुम्ही हसता. गाडी उभी राहते.

दर पावसाळ्यात मी तिच्यावर माडाची झापं घालतो. टायरमधली हवा गेली तशी गाडी खाली बसून सरळ व्हायला लागली. उजवीकडे पडेल असं वाटलं, म्हणून जाड चीप काढून पातळ घातली. तेवढंच बदललं. गियरला कोणी पाय लावलेला नाही.

आता ताईचं लग्न आहे. मांडवाचा खांब नेमका तिथेच येतो. आई म्हणाली, "जांवदे ती आता. खांब काय तिच्या डोक्यार पुरतलंस?" बरोबर आहे तिचं. आज सकाळी कसालचे एक दुकानदार विकत घ्यायला म्हणून गाडी बघायला आले. भला माणूस. त्यांनी स्टँड उचलला, जोर लावून ढकललं. मागचं चाक हललं नाही. "इंजिन जाम झाला काय रे?" माझा पाय गियरच्या लिव्हरच्या बाजूलाच होता. जरा दाबलं असतं की गाडी सुटली असती. तुम्ही शेवटचं जे केलंत, तेही सुटलं असतं.

मी म्हटलं, "होय."

रविवारी मेकॅनिक घेऊन येतो म्हणाले. ते गेल्यावर मी गाडी परत चीपेवर टेकवली. तुमच्यासारखं तिला विचारलं नाही. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

मेकॅनिक बघताक्षणी ओळखेल. हा कागद सीटखाली ठेवणार होतो, पण सीटही जाणार. म्हणून खिशातच राहू दे. इंजिन जाम नाही, बाबा. मला माहीत होतं.