वरवंट्याचा डावा हात

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ती परत आली! मला वाटलं होतं, मागच्या मंगळवारी येऊन गेली ती गेलीच. पण आज दहाच्या एसटीतून आमच्या माले गावात उतरली. तीच निळी पिशवी, तीच घाई. मृण्मयी मॅडम. हे नाव वहीत लिहिताना तीनदा खोडलं. आणि माझं काय — म्हसू. म्हसोबाला नवस होता म्हणे.

त्या पुण्यात फिजिओथेरपी करतात. मुळशीतली गावं फिरून त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. बाळंतपणात कधी कधी बाळाचा खांदा अडकतो, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडतो. बऱ्याच बाळांचा आपोआप सुधारतो. पण कुणाचा सुधारेल ते घरी बसून कळत नाही, म्हणून लगेच दाखवायचं. तीन महिन्यांत हात हलला नाही तर मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंच. थांबलं की संधी हुकते.

त्यांना भोंगा हवा होता. मी म्हटलं, "आहे." नव्हता. पळत हृतिककडे गेलो. लग्न, गणपती, निवडणूक — सगळ्याला त्याचाच टेम्पो. तो म्हणाला, "गाडी देतो. पण बोलणार तू? प्रिन्सिपॉलसमोर माफीपत्र फाडून आलेला माणूस लोकांना शहाणपण शिकवणार?"

मीच बोलणार. आणि ते माफीपत्र परत दिलं तर परत फाडीन. गॅदरिंगच्या तालमीत त्या पोराने माझ्या हाताची नक्कल केली, मी उजव्याने एकच दिली. माफी त्याने मागायची का मी?

दिवसभर जॅकेट काढलं नाही. डावा हात खिशात. तो छातीपर्यंतही जात नाही, कोपरातून सरळ होत नाही. गावाला माहीत आहे, तिला नाही. कळायचंही नाही. शिवाय माझं वेगळं आहे. मी तान्हा होतो, घरचे मेंढरं घेऊन कोकणात उतरत होते, घोडीच्या पाठीवरचं ओझं सुटलं आणि त्याबरोबर मी पडलो. आई तसंच सांगते. म्हणजे मी काही लपवतोय असं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काहीच नाही. मंगळवार तीन दिवसांवर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मागच्या वेळी मॅडमच्या प्लास्टिकच्या बाहुलीचा हात निखळून टेम्पोखाली गेला. म्हणून आज मी नवं बाळ नेलं — घरचा वरवंटा! बारशाला त्यालाच नाही का न्हाऊ घालून, कुंची घालून पाळण्याखालून फिरवतात, तसा. आईला म्हटलं, अंगडं शिव, एक हात भरलेला पाहिजे, एक लुळा. तिने काही न विचारता रात्रीत शिवून दिलं.

मॅडमनी वरवंटा हातात घेतला आणि अंगड्याची लुळी डावी बाही उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "तळवा मागे वळवलाय. हात आत फिरवलाय. अगदी असाच दिसतो हो. तुमच्या आईंना कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "आमची आई हुशार आहे."

मारुंजीला गेलो. नव्या सोसायट्यांच्या कामावरच्या बायका जमल्या. मी भोंग्यावर सांगितलं — बाळाला हाताला धरून उचलू नका, अंघोळीच्या वेळी दोन्ही हात बघा, एक हलतोय एक नाही असं दिसलं तर दाखवा. एकीने वरवंटा मांडीवर घेतला आणि किंचाळली, "भैया, ये बच्चा कितना खाता है?" मॅडम इतक्या हसल्या की पिशवी पडली. मी हसवलं तिला. म्हणजे वरवंट्याने हसवलं, पण वरवंटा माझा.

घरी आलो तर आई, "चटणी कशावर वाटू? तुझ्या डोक्यावर?"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

रिहे गावात गेलो. तिथे रंभाबाईंच्या ओट्यावर बायका चांगल्या जमल्या होत्या. रंभाबाईंना नातू झालाय, पंधरा डिसेंबरचा, दोन महिन्यांचा. त्याला दुपट्यात असा गच्च गुंडाळलेला की नुसतं नाक दिसत होतं. मॅडमनी विचारलं, बघू का? म्हातारी म्हणाली, "आमच्यात तसलं काही न्हाई. लेकरू झोपलंय." बाळ टक्क जागं होतं. तिची सून स्नेहल मागे दाराशी उभी. तिने मॅडमकडे बघितलं आणि हळूच स्वतःचा उजवा हात लुळा सोडून दाखवला.

सासूने ते पाहिलं. सुनेला आत घातलं, दार लावलं.

माझं डोकं फिरलं. टेम्पोत चढलो, भोंगा हातात घेतला आणि सगळ्या रिह्याला ऐकवलं — रंभाबाई नातवाचा लुळा हात दुपट्यात लपवतायत, पंधरा मार्चला तीन महिने भरतात, मग बसतील रडत! हृतिकने वायर ओढली तोवर सगळं बोलून झालं होतं. गल्लीतली दारं उघडली. रंभाबाईंचं बंदच राहिलं.

मॅडम टेम्पोपाशी आल्या. "तुला अक्कल आहे का? आता ते दार कधी उघडणार? त्या बाळाकडे चार आठवडे आहेत, त्यातले किती तू आज घालवलेस?"



(तिने मला तू म्हटलं. मला हे लिहायची लाज वाटते. तरी लिहितो. तू म्हटलं!)

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बोलली नाही. आज दोन गावं झाली, मी भोंग्यावर पाठ केल्यासारखं बोललो. ऊन असं की रस्त्याचं डांबर चिकटतंय. हृतिक म्हणाला, "जॅकेट काढ की. का महाबळेश्वरला निघालायस?" मी त्याला शिवी दिली. घामाने शर्ट पिळून निघाला.

हृतिककडून कळलं, स्नेहलचा मॅडमना फोन आला होता. हात अजून हलत नाही. सासू ऐकत नाही. म्हणते, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई त्या मेंढक्याच्या पोराने, आता दवाखान्यात नेलं तर त्याचंच खरं ठरंल.

म्हणजे बाळ माझ्यामुळे अडकलंय.

मंगळवार, ४ मार्च

सगळं लिहून ठेवतो, एक शब्द सोडणार नाही.

मॅडमना म्हटलं, मला रिह्याला जाऊन माफी मागायची आहे. त्या म्हणाल्या, मी पण येते. भोंगा काढून ठेवला. ओट्याखाली उभा राहिलो. रंभाबाई तांदूळ निवडत होत्या. वर बघेनात.

"आजी, चुकलं. मी असं बोलायला नको होतं."

"आता आलास व्हय. सगळं रिहं ऐकून झाल्यावर."

"मला मारा. पण बाळाला न्या."

"पोरांचे हात येतात वाढत्या वयात. लई बघितली मी. न्हाई आला हात, असा एक तरी बाप्या झालेला माणूस दाखव मला. मग बोल."

मी मॅडमकडे बघितलं. त्या सुपातल्या तांदळाकडे बघत होत्या. पिशवीत फोटो असतात त्यांच्या. त्यांनी पिशवीला हात लावला नाही.

जॅकेटची चेन अडकली. एका हाताने नीट निघत नाही ती कधीच. शेवटी निघाली. शर्टही काढला. भर ओट्यापुढे, मृण्मयी मॅडमसमोर, उघडा उभा राहिलो आणि म्हटलं, "हा बघा." आणि डावा हात वर केला. म्हणजे केला तेवढा. पोटाच्या वर थोडा.

रंभाबाईंनी सूप खाली ठेवलं. जवळ आल्या. खांद्याचं हाड चाचपलं, गुरं घेताना चाचपतात तसं.

"पोतं कसं उचलतोस?"

"पाठीवर. कुणीतरी चढवून द्यावं लागतं."

"केस?"

"उजव्याने."

"झाडावर?"

"नाही चढलो कधी."

"लगीन जमलं का?"

मॅडम इथे, तीन फुटांवर! मी म्हटलं, "अजून नाही." म्हातारी म्हणाली, "जमंल. रंग चांगला हाय." हृतिक टेम्पोत फिसकन हसला.

मग रंभाबाईंनी आत हाक दिली, "स्नेहल, आण त्याला." आणि स्वतःच्या हाताने दुपटं सोडलं. बाळाचा डावा हात हवेत नाचत होता. उजवा पडून. तळवा मागे. अगदी वरवंट्यासारखा.

"उद्या सकाळी नेऊ," रंभाबाई म्हणाल्या. "पण ह्याच्या टेम्पोतून न्हाई. माझा भाचा गाडी आणंल."

परत येताना मी मॅडमना म्हटलं, "तुम्हाला सांगायला हवं होतं."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. हात बघणं माझं कामच आहे. तू सांगशील म्हणून थांबले."

सगळा महिना! तो घाम, ती चेन! मी म्हटलं, माझं घोडीवरून पडून झालंय. त्या माझ्या तळव्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पडूनही होतं. पण तुझ्या वरवंट्याचा हात कुणी शिवला, म्हसू? एकदा आईंना विचार."

म्हसू म्हटलं. हे नाव इतकं काही वाईट नाही.

गुरुवार, ६ मार्च

बाळाला तपासलं. व्यायाम सुरू झालेत, पुढच्या आठवड्यात मोठे डॉक्टर बघून ऑपरेशनचं ठरवतील. सुधारेलच असं कुणी म्हणालं नाही. पण वेळेत आलात, असं म्हणाले. स्नेहलने फोनवर तेवढंच तीनदा सांगितलं.

मला मॅडमनी काठीचा व्यायाम दिलाय. दोन्ही हातांनी काठी धरायची, उजव्याने डाव्याला वर न्यायचं. रोज तीस वेळा. म्हणाल्या, फार फरक पडणार नाही, पण आहे ते आखडणार नाही. मी नव्वद वेळा केले. हृतिक म्हणतो, लेझीम पथकात जा.

आईला विचारलं. "घोडीच," म्हणाली आणि शेळ्या बघायला उठली. शेळ्या तर समोरच बांधलेल्या होत्या.

शनिवार, ८ मार्च

आज हाफ शर्ट घालून पौडला जाऊन आलो. काही झालं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं मी कुणासाठी जॅकेट घालत होतो?

सोमवार, १० मार्च

रिह्याची गोष्ट आईच्या कानावर गेली. संध्याकाळी तिने पत्र्याची पेटी उघडली आणि लुगड्याच्या घडीतून एक चिठ्ठी काढली. "वाच." तिला वाचता येत नाही.

२१ ऑक्टोबर २००३. म्हसू, वय अडीच महिने. जन्मापासून डावा हात उचलत नाही. तीन महिन्यांच्या आत पुण्यास दाखवणे. खाली नर्सबाईंची सही.

"दिवाळी झाली आन् मेंढरं निघाली," आई म्हणाली. "तुझा बाप म्हणला, मेंढरं दवाखान्यासाठी थांबत न्हाईत. मी बी निघाले."

"आणि घोडी?"

"घोडी गरीब व्हती. तिचं नाव पुढं केलं, ती काय बोलणार."

मी राग यायची वाट बघत बसलो. आईही बसली. मग तिने वरवंट्याचं अंगडं धुऊन दोरीवर टाकलं आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्या भोंगा माझ्याकडं दे."